जावई जेवत नाही

फोनवर चौदा मिस्ड कॉल दिसले तेव्हा मला वाटलं, कुठल्या तरी लिफ्टमध्ये माणूस अडकलाय.

लिफ्टच्या तळाशी खड्डा असतो. तिथे उतरलं की फोनची रेंज जाते. त्या मंगळवारी मी आणि माझा जोडीदार एका ऑफिसच्या इमारतीत अकरा वाजल्यापासून खड्ड्यात होतो. बाहेर आलो तेव्हा दोन वाजून गेले होते. चौदाही कॉल एकाच नंबरचे, वाचनालयाचे. माझी बायको तिथली फाटकी पुस्तकं घरी आणून सांधायची आणि मंगळवारी पोचवायला जायची.

मी जोडीदाराला विचारलं, "वाचनालयाची लिफ्ट आपल्याकडे कधीपासून आली?"

तो म्हणाला, "वाचनालयाला लिफ्ट कुठली? एकमजली आहे ते."

तरीही माझ्या डोक्यात काही आलं नाही. मी आधी हात धुतले. ग्रीसच्या हाताने फोन धरायचा नाही, ही माझी सवय. मग फोन केला. ग्रंथपाल बाईंनी उचलला आणि सांगितलं. सव्वाअकराला बायको कपाटांच्या मधे खाली बसली, मग आडवी झाली, आणि रुग्णवाहिका यायच्या आत गेली होती. जवळजवळ तीन तास सगळ्या वाचनालयाला ते माहीत होतं आणि मला नव्हतं. त्या तीन तासांत मी शिट्टी वाजवत काम करत होतो. खड्ड्यात शिट्टी छान घुमते.

पुढचे दोन दिवस घरात माणसं होती. लेक परगावाहून आली. बायकोची थोरली बहीण आली. तिला मी ताई म्हणतो, ती मला भावोजी म्हणते. ती आली ती बॅग घेऊनच आली आणि मला न विचारता मधल्या खोलीत राहिली. बरं झालं.

गुरुवारी सकाळी लेक टाकीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, जावयाला कोणी खायला घातलं का?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणीच घातलं नव्हतं.

जावई म्हणजे आमचा मासा. लेकीचं लग्न अजून झालेलं नाही. मासा घरात आला तेव्हा बायको म्हणाली होती, खरा येईपर्यंत हाच, सवय तरी होईल. ताटलीएवढा गोल, चपटा, नारिंगी, अंगावर निळ्या रेघा. जातीने महागातला. पण दिसायला राजबिंडा आणि खायला नखरेबाज. दोन घरांनी त्याला विकत नेऊन परत केला होता, खात नाही म्हणून. दुकानदार तो बायकोला द्यायलाही तयार नव्हता. म्हणाला होता, "बाई, हा तिसऱ्यांदा परत येईल." बायको म्हणाली होती, "आमच्याकडून परत जाणार नाही." आणि तिच्या हातून तो खायला लागला. कसा, ते मी कधी विचारलं नाही. मी आठला घर सोडतो आणि सातला परत येतो. मला मासा दिसायचा तो जेवून झालेला, तृप्त, टाकीच्या कोपऱ्यात तरंगणारा. घरातली जी गोष्ट नीट चालते तिची चौकशी मी करत नाही. धंद्याचा गुण आहे.

लेकीने डबी उघडली आणि गोळ्या टाकल्या. जावई आला, एका डोळ्याने गोळी पाहिली, आणि फिरून पंपामागे गेला. गोळ्या तळाशी बसल्या.

"दोन दिवसांचा उपाशी आहे, खाईल हळूहळू," ताई म्हणाली.

खाल्लं नाही.

शुक्रवारी मी टाकीचं काम हातात घेतलं. त्या दिवसांत मला कुठल्या तरी कामाची फार गरज होती. लिफ्ट बिघडली की आम्ही आधी साफसफाई करतो, निम्मे दोष तिथेच जातात. मी सगळं पाणी काढलं, काचा घासल्या, पंप उघडून त्याचा स्पंज साबणाशिवाय पण जोर लावून धुतला, खडे पाखडले, नवं पाणी कोमट करून भरलं. टाकी अशी चकचकली की लेकीने फोटो काढला. जावई एका कोपऱ्यात काळवंडून उभा राहिला. निळ्या रेघा गायब.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "सगळं पाणी बदललंत?"

"सगळं."

"तुम्ही काय करता, भाऊ?"

"लिफ्टची दुरुस्ती."

"तरीच," तो म्हणाला. "मासा त्या पाण्याला ओळखतो. तुम्ही त्याचं घर पाडून नवं बांधलंत. आता चार दिवस टाकीला हात लावू नका. दिवा मंद ठेवा. आणि मी देतो ते किडे घाला."

किडे म्हणजे लाल बारीक किडे, गोठवून वडी केलेले. लेक जाऊन घेऊन आली. ताईने ते फ्रीजमध्ये दुधाशेजारी पाहिले आणि फ्रीजचं दार उघडं टाकूनच बाहेर आली.

"भावोजी, मी या घरात चहा पिणार नाही."

"डबी बंद आहे, ताई."

"किड्यांना माहीत आहे का ती बंद आहे ते?"

मग किड्यांसाठी बर्फाच्या कप्प्यात तळाशी वेगळी जागा झाली आणि ताईचा चहा सुरू राहिला.

रंग दोन दिवसांत परत आला. भूक आली नाही. मी एक वही केली. लिफ्टची असते तशीच: तारीख, वेळ, दोष, उपाय, निकाल, सही. आमच्या धंद्यात एक नियम आहे. जे स्वतः डोळ्यांनी पाहिलं नाही, त्याखाली सही करायची नाही. दरवाजा बंद होतो असं कोणी सांगितलं म्हणून लिहायचं नाही, समोर उभं राहून तो बंद होताना पाहायचा. पंचवीस वर्षं मी हा नियम पाळला आणि पंचवीस वर्षं बायकोने त्याचा त्रास सोसला. ती गॅस बंद करून यायची आणि मी जाऊन बघायचो. ती कुलूप लावायची, मी ओढून बघायचो. ती म्हणायची, "माझ्यावर पण एक पाटी लाव. तपासले, अमुक तारखेला."

तर वही. शनिवार, सकाळी आठ, गोळ्या, खाल्लं नाही. शनिवार, संध्याकाळी सहा, किडे, खाल्लं नाही. रविवार, किडे लसणाच्या पाण्यात भिजवून. हा उपाय लेकीने इंटरनेटवर शोधला होता. लसणाच्या वासाने माशांना भूक लागते म्हणे. भूक आम्हाला लागली. सोमवार, उकडलेला वाटाणा, साल काढून. वाटाण्याचं साल काढून त्याचे बारीक तुकडे करणं हे काम ताईने केलं, चष्मा लावून, देवासमोर बसावं तसं. जावयाने वाटाणा नाकाने ढकलला आणि खड्यांत नेऊन सोडला.

"एवढं माझ्या नवऱ्याला कधी सोलून दिलं नाही," ताई म्हणाली.

"म्हणून तर तो न बोलता खातो," लेक म्हणाली.

आम्ही तिघं टाकीसमोर खुर्च्या मांडून बसत होतो. खोली लांबट आहे. एका भिंतीला टाकी, समोरच्या भिंतीला खिडकी, मधे बायकोचं कामाचं टेबल. टेबलाच्या खिडकीकडच्या बाजूला तिची खुर्ची होती. त्या खुर्चीवर मी बसायचो, टाकीकडे तोंड करून, वही मांडीवर घेऊन. ती दिवसभर माशाशी गप्पा मारायची, हे मला माहीत होतं. तेव्हा तीही इथेच, अशीच बसत असणार. अंधार पडला की मी टॉर्च लावून पाहायचो. तोंड हललं का, एवढंच पाहायचं होतं.

जोडीदार सोमवारी संध्याकाळी भेटायला आला. आम्ही दोघं एकाच वर्षी कामाला लागलो, त्याच्यासमोर मला कसला संकोच नाही. तोही चौथी खुर्ची ओढून बसला. वही वाचली. मग म्हणाला, "अरे, हा मासा आहे. बटण दाबलं की येईल असं नाही."

"मग काय करू?"

"मला काय माहीत? मी तर मासा ताटात बघतो."

लेक इतकी हसली की तिला रडू आलं. मग बराच वेळ ती रडली. मासा पंपामागून बघत होता.

बुधवारी तिला परत जावं लागलं. सुट्टी संपली होती. निघताना ती टाकीच्या काचेला हात लावून उभी राहिली आणि मला म्हणाली, "बाबा, आईसाठी आपण काहीच करू शकलो नाही. हा तरी जगू दे." मग टॅक्सीत बसली.

रात्री नऊला तिचा फोन आला. "जावई जेवला?"

मी म्हणालो, "जेवला."

तोंडातून निघून गेलं. ती तिकडे एकटी खोलीत होती, सामानही उघडलेलं नव्हतं. मला वाटलं, आज झोपू दे. उद्या खरं सांगू.

"खरंच? काय खाल्लं?"

"किडे."

"किती?"

"बारा," मी म्हणालो. मोजमाप दिलं की खोटं खरं वाटतं, हे मला त्या दिवशी कळलं.

फोन ठेवला तर ताई दारात उभी. "भावोजी, खोटं बोलताना तुमचा आवाज बारीक होतो."

"तिला कळलं असेल का?"

"तिला जे ऐकायचं होतं ते तिने ऐकलं. पण उद्या काय सांगाल?"

गुरुवारी मी कामावरून परस्पर दुकानात गेलो. दुकान म्हणजे एक लांब बोळ, दोन्ही बाजूंना टाक्या, आत शिरलं की चष्म्यावर वाफ. दुकानदार पन्नाशीचा, शर्टाच्या बाह्या कायम ओल्या. मी वही त्याच्यापुढे ठेवली. त्याने पान न् पान वाचलं. आजवर माझी वही एवढ्या मन लावून आमच्या साहेबानेही वाचली नसेल.

"नऊ दिवस झाले," तो म्हणाला. "कपाळावर हाड दिसतंय का? डोळ्यांच्या वर, चिमटल्यासारखं?"

"थोडंसं."

"मग माझं ऐका. रविवारपर्यंत बघा. नाही खाल्लं तर मी बादली घेऊन येतो. माझ्या मागच्या खोलीत याच जातीचे चार आहेत. चौघांत सोडला की बघून बघून खाईल."

"परत नेणार?"

"तिथे जगेल तरी. तुमच्याकडे मरेल. बाईंच्या हाताला होता तो, भाऊ. तुमची चूक नाही."

मला ते पटलंही आणि लागलंही. ती म्हणाली होती, आमच्याकडून परत जाणार नाही. तिने शब्द दिलेल्यांपैकी बाकी सगळ्यांना मी फोन करून सांगू शकलो होतो, की ती आता नाही, समजून घ्या. माशाला काय सांगणार.

गुरुवारी रात्री "जेवला." शुक्रवारी "जेवला, चौदा." लेक म्हणाली, फोटो पाठवा. मी पाठवला. मासा फोटोत आडवा दिसतो, पोट भरलेलं आहे की रिकामं ते आडव्यातून कळत नाही. ताई पलीकडे बसून मान हलवत होती.

ताईचं दुसरं काम म्हणजे मला जेवायला घालणं. ती समोर बसायची आणि माझ्या ताटाकडे बघायची. भाजी घेतली का, भात तेवढाच का, तो घास का ठेवला. शुक्रवारी मी म्हणालो, "ताई, तुम्ही जरा तिकडे बघा. तुम्ही बघत असलात की घास उतरत नाही."

ती रुसली. पाठ करून बसली. मी जेवलो, सगळं संपवलं. एवढं होऊनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

शनिवारी अर्धा दिवस काम होतं. एक जुनी लिफ्ट वर जाताना थरथरायची. त्या इमारतीतल्या लोकांचं म्हणणं मोटर गेली. जोडीदारही मोटरच उघडायला निघाला. मी त्याला थांबवलं. लिफ्ट दोन लोखंडी रुळांमधून वर-खाली जाते. मी टॉर्च घेऊन रूळ पाहिले. डावा रूळ एका बाजूने चकचकीत घासलेला, उजवा तसाच मळका. म्हणजे सगळा भार डावीकडे जात होता. मोटरचा काही संबंध नव्हता. मी नेहमी म्हणतो तेच म्हणालो, "माणसं काय सांगतात ते ऐकू नकोस. घासलंय कुठे ते बघ."

"पंचवीस वर्षं ऐकतोय," जोडीदार म्हणाला.

घरी आलो, दोन वाजले होते. ताई आडवी झाली होती. मी टाकीपाशी गेलो, खुर्चीत बसायचं म्हणून ती ओढली, आणि खाली पाहिलं.

खुर्चीखालची फरशी गुळगुळीत होती. नवी असावी तशी. ओरखडा नाही, डाग नाही. अकरा वर्षं बायको या टेबलावर काम करत होती. तिची खुर्ची लोखंडी, पायांच्या टोप्या केव्हाच झिजलेल्या. खुणा कुठे गेल्या?

मी टेबलाला फेरी मारली. खुणा पलीकडे होत्या, टाकीकडच्या बाजूला. चार पायांच्या चार जागा, खोल घासलेल्या, मागे सरकवल्याच्या रेघा थेट टाकीच्या स्टँडपर्यंत. डिंकाचे वाळलेले थेंबही तिथेच. टेबलाची कडाही त्याच बाजूने मनगटांनी गुळगुळीत झालेली.

ती टाकीकडे पाठ करून बसायची. खिडकीचा उजेड समोरून हवा, पुस्तक सांधायला. माशाशी गप्पा मारायची त्या पाठमोऱ्या. त्या मंगळवारी घरात माणसं आली तेव्हा कोणीतरी खुर्ची उचलून खिडकीकडे ठेवली असणार, आणि मी तीच तिची जागा धरून आठवडाभर तिच्यावर बसून, वही घेऊन, टॉर्च मारून, एका भिडस्त प्राण्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत होतो. कधी चारजण मिळून.

मी ताईला उठवलं. तिने खुणा पाहिल्या. मग माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे कोणी बघत असलं की तो जेवत नाही?"

"असं दिसतंय."

"आणि मी काल रुसले त्याबद्दल माफी मागा," ती म्हणाली.

मागितली. मग खुर्ची जागेवर ठेवली, चारही पाय चार खुणांत. किड्यांचे बारा तुकडे मोजून टाकले. ताईला मधल्या खोलीत पाठवलं. पाठ करून बसलो.

आता पाठ करून बसलं तर पाहणार कसं? माझ्या हत्यारांच्या पेटीत एक छोटा गोल आरसा आहे, लांब दांडीचा. जिथे डोकं घालता येत नाही तिथलं बघायला. तो मी टेबलावर पुस्तकांना टेकवून असा लावला की मागची टाकी नीट दिसेल. आणि आरशात डोळे लावून बसलो.

आरशात जावई दिसला. जावयालाही आरशात मी दिसलो. माझा एक डोळा, मोठा, गोल, न हलणारा. तो पंपामागे गेला तो बाहेरच येईना. अर्ध्या तासाने ताई दारातून म्हणाली, "झालं का?" आणि तिला आरसा दिसला. ती काही बोलली नाही. आत आली, आरसा उचलला, पेटीत ठेवला, पेटीचं झाकण लावलं आणि पेटी सोबत घेऊन गेली. तिची बहीण असती तर तिनेही हेच केलं असतं, फक्त बोलून.

मी तळाचे किडे जाळीने काढले, नवे बारा टाकले, आणि बसलो. आता खरंच काही दिसत नव्हतं. खिडकीबाहेर समोरच्या गच्चीवर कोणाचे तरी कपडे वाळत होते. मान आपोआप वळायची, मी ती परत आणायचो. हातांना काहीतरी द्यायला हवं होतं. टेबलावर वाचनालयाची पुस्तकं तशीच होती. वरचं घेतलं. कणा निखळलेला, पानं सुटी. बायको काय करते ते मी कधी जवळून पाहिलं नव्हतं, पण सैल झालेलं घट्ट करायचं एवढं मला कळतं. पानं टोकाशी जुळवली, ठोकून सारखी केली. डिंक जास्त झाला. पुसला. परत लावला. पान एकशे बारा उलटं लागलं होतं, ते काढताना फाटलं. मी स्वतःशीच बोलत होतो, कोणाला तरी शिव्याही घातल्या असतील. नंतर लक्षात आलं, मी मोठ्याने बोलत होतो आणि गच्चीवरचे कपडे कोणीतरी घेऊन गेलं होतं.

वळलो. बारातला एकही तुकडा नव्हता. जावई टाकीच्या मधोमध होता.

मला आनंद व्हायला हवा होता. मला आधी संशय आला. पंपाने ओढले असतील. पंप उघडला. त्यात काही नव्हतं. तरीही, पाहिलं नव्हतं ना. वहीत तारीख, वेळ, उपाय लिहिला आणि निकालाची जागा रिकामी ठेवली. रात्री लेकीला "जेवला" म्हणालो, तेव्हा ताईने विचारलं, आज आवाज मधलाच का. मी म्हणालो, माहिती अर्धीच आहे.

रविवारी अकरा वाजता दुकानदार आला. एका हातात बादली, दुसऱ्या हातात जाळी. बादली झाकणाची होती, बाहेरून जुनी चादर गुंडाळलेली. वाटेत पाणी गार पडू नये म्हणून.

"खातोय," मी म्हणालो.

"तुम्ही पाहिलं?"

"नाही."

"मग कोणी पाहिलं?"

"कोणीच नाही. पाहिलं की खात नाही."

तो दमलेल्या आवाजात म्हणाला, "भाऊ, मला समजतं. पण तुमच्या हट्टापायी तो मरायला नको. प्रत्येक जण मला असंच सांगतो, आणि मग पिशवीत मेलेला घेऊन येतो."

त्याला फरशीवरच्या खुणा दाखवल्या. त्याने पाहिल्या, पण खुणा वाचणं हा त्याचा धंदा नव्हता. शेवटी ताई म्हणाली, "एवढे आलात तर अर्धा तास बसा. चहा करते. किड्यांशेजारचं दूध आहे, चालेल ना?"

त्याला चालत होतं.

मी पंप बंद केला, म्हणजे नंतर त्याच्यावर आळ नको. किडे टाकले. तीन खुर्च्या टाकीकडे पाठ करून ओळीने मांडल्या. आणि आम्ही तिघं खिडकीकडे तोंड करून चहा पीत बसलो, फोटो काढायला बसवल्यासारखे.

"बोला काहीतरी," ताई म्हणाली. "ती बोलत असायची."

पण काय बोलणार. दुकानदार म्हणाला, समोरची गच्ची चांगली आहे. मी म्हणालो, हो, चांगली आहे. ताईने विचारलं, माशांना थंडी वाजते का. त्याने सांगितलं, वाजते. मग त्याने विचारलं, लिफ्ट तुटून खाली पडते का खरंच. हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं, त्यामुळे त्याचं उत्तर लांब आहे. मी दोर किती असतात, एक तुटला तर काय, वेग वाढला तर कुठली पकड बसते, सगळं सांगत गेलो. सांगता सांगता माझी मान वळायला लागली.

"भावोजी," ताई पुढे बघतच म्हणाली. "मान."

मान सरळ केली. लिफ्ट कुठवर आली होती ते विसरलो. खोली शांत झाली. पंप बंद असल्यामुळे पाण्याचा एरवीचा बुडबुड आवाजही नव्हता. तेव्हा मागे एक बारीक आवाज झाला, ओठ मिटल्यासारखा. थोड्या वेळाने आणखी एक.

मला वळायचं होतं. इतकं की काहीतरी घट्ट धरावं लागलं. तिच्या खुर्चीला हात नाहीत, म्हणून मी टेबल धरलं. तिने रोज हा आवाज ऐकला असणार, आणि एकदाही वळली नसणार, म्हणूनच तो खात राहिला. मला गॅस आठवला, कुलूप आठवलं. मग आणखी बरंच.

दुकानदार कुजबुजला, "जेवतोय."

"पाहिलंत?" मी विचारलं.

"गप्प बसा हो," तो म्हणाला.

चहा संपला तरी आम्ही दहा मिनिटं तसेच बसलो. मग तो उठला, टाकीपाशी वाकला, तळ पाहिला, काचेला नाक लावून माशाचं पोट पाहिलं. जाळी बादलीत ठेवली. दारात चपला घालताना म्हणाला, "हजारो मासे विकले. प्रत्येकाला सांगतो, खाताना लक्ष ठेवा. आता याला काय सांगायचं?" आणि रिकामी बादली घेऊन गेला.

मी वही उघडली. रविवार, अकरा वीस, किडे बारा. निकाल: खाल्लं. पेन जरा वेळ तसंच धरलं आणि मग खाली सही केली. न पाहता केलेली ही माझी पहिली सही.

रात्री नऊला लेकीचा फोन आला. जावई जेवला का. मी म्हणालो, जेवला, बारा. ताई दारात होती, तिने काही टोमणा मारला नाही. लेक म्हणाली, बरं झालं, रोज खातोय म्हणून मला इकडे झोप तरी लागते.

बुधवारपासूनचे तीन दिवस तो जेवला नव्हता, हे तिला अजून सांगायचं राहिलं आहे.